ज्यावर इलाज होता

दिगंबर, तुझा वॉकर अजून ओसरीवर तसाच उभा आहे. आज सकाळी तुझ्या घरी गेल्तो तर त्याच्या एका दांडीवर पंचा वाळत घातलेला आणि दुसरीला कुणाची तरी पिशवी अडकवलेली. तू जाऊन आठवडा झाला, तरी भेटायला येणारे येऊनच राह्यलेत, आणि पिशव्या अडकवायला त्यांना तो बराबर सापडलाय. जालन्याहून मी स्वतः एसटीच्या टपावर चढवून आणलेला वॉकर तो. तुझ्या कामाला आला न्हाई, आता लोकांच्या येऊन राह्यला.

सगळे मला म्हणतात, सर, एकदा रडून मोकळे व्हा. रडू कुठनं येणार? मला राग येऊन राह्यलाय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, ते बाकीचे बोलतीलच, कालपासून बोलूनच राह्यलेत. मी भांडणार. वीस वर्षं आपण दुसरं काय केलं?

आठवतं का, कधी सुरू झालं हे? आपला माणूस रशियाच्या यानातून वर गेल्ता, ते चौऱ्याऐंशी साल. कुंभार पिंपळगावच्या आपल्या शाळेत तू विज्ञानाचा मास्तर आणि मी पीटीचा. तू घरचा रेडिओ उचलून स्टाफरूममध्ये आणलास आणि दिवसभर कान लावून बसलास. मधल्या सुट्टीत म्हणालास, वर राहणाऱ्या माणसाचं शरीर खंगतं. मी हसलो. म्हटलं, "अरे, ओझं उचलायचं न्हाई, चालायचं न्हाई, नुसतं तरंगायचं. आरामानं कुणी खंगतं व्हय?"

"आरामानंच खंगतं, रंगनाथ," तू म्हणालास.

तुझ्याच तोंडचे शब्द आहेत हे. लाकडी खुर्चीत मांडी घालून, चहाच्या बशीत फुंकर मारत बोलला होतास. मंग पेपरात आलं की त्या माणसानं वर जाऊन योगासनं केली. माझी तर छातीच फुगली. साऱ्या स्टाफला पेपर दाखवत फिरलो, "बघा, वर कोणाची गरज पडली? विज्ञानाच्या मास्तरची का पीटीच्या?" तू म्हणालास, "तेच तर मी सांगून राह्यलो, बैला." म्हणजे मी जिंकलेलं भांडणसुद्धा तू आपल्या खिशात घातलंस. असा तू.

आणि तो डालड्याचा डबा! आठवीच्या पोरांना बिनवजनाची गोष्ट कळंना, म्हणून तू डब्याच्या बुडाला भोक पाडलंस, पाणी भरलंस आणि गच्चीवर चढलास. खाली झेलायला मला उभं केलंस. डबा हातात धरला की भोकातून धार लागायची. सोडला की खाली येईपर्यंत धार बंद. पोरं आ वासून बघत राह्यली. पडणाऱ्या डब्यात पाण्याला आपलं वजनच कळत न्हाई, तू वरून ओरडून सांगितलंस, यानातली माणसंसुद्धा अशीच सारखी पडत असतात, फक्त पृथ्वीभोवती पडतात म्हणून खाली लागत न्हाईत. माझं लक्ष तुझ्या भाषणाकडे, आणि डबा आला माझ्या खांद्यावर. मी नखशिखांत भिजलो, शाळा खदखदून हसली, आणि तू गच्चीवरून विचारलंस, "धार दिसली का पण?"

दिसली रे बाबा. सगळं दिसलं. तुझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर उभा राहून मीच तुझा सगळ्यात जुना विद्यार्थी झालो. हाडाचा धडा तर मला तोंडपाठ आहे. तू सांगायचास, हाडात पेशींच्या दोन पार्ट्या असतात. एक बांधती, दुसरी पाडती. आपण उभं राह्यलो, चाललो, उड्या मारल्या की हाडावर वजन पडतं आणि बांधणाऱ्या पार्टीला हुकूम जातो, बांधा रे. वजनच न्हाई पडलं तर बांधणारी पार्टी हात बांधून बसती. पाडणारी मात्र सुट्टी घेत न्हाई. म्हणून वर गेलेल्याचं हाड विरत जातं, पिंढऱ्या वाळतात, रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशीसुद्धा सुस्तावतात. दुसऱ्या दिवशी मी मैदानावर पोरांना दोरीच्या उड्या मारायला लावल्या आणि ओरडलो, "हाडाला हुकूम द्या!" तेव्हापासून तेच माझं वाक्य झालं. आजही आहे.

दुसरा धडा किरणांचा. सुतळीचा तोडा घेऊन यायचास. पेशीत असा लांबच लांब धागा असतो, त्यावर शरीराचा सगळा हिशोब लिहिलेला. अवकाशातल्या किरणानं तो तुटतो. पेशी बिचारी गाठ मारून जोडती. पण वरचे काही कण इतके जड आणि इतके वेगानं येतात की एकाच जागी धाग्याच्या चिंध्या करतात, मंग गाठ चुकती आणि चुकलेली गाठ पुढच्या पेशींत उतरत जाती. खाली आपल्यावर हवेची छत्री आहे, पृथ्वीच्या चुंबकाची छत्री आहे. वर दोन्ही अपुऱ्या. पोरांना तू कात्री द्यायचास आणि गाठी मारायला लावायचास. एकदा एका पोरीनं तुझ्या धोतराचाच धागा कापला, तेव्हा तू पँट घालायला लागलास.

याच्यावरनं आपलं खरं भांडण. तू म्हणायचास, किरणं वाईट. मी म्हणायचो, वजन जाणं वाईट. तू म्हणायचास, "वजनावर इलाज आहे. तुझ्यासारखा एक पीटीवाला सोबत धाडला, रोज दोन घंटे घाम काढला की बरंच भागतं. किरणांवर काय करशील? शिट्टी वाजवशील?" सगळी स्टाफरूम हसायची. मी म्हणायचो, "किरणं लागलेला माणूस वर्षानुवर्षं चालतो-फिरतो. पायच गेले तर राह्यलं काय?" हे कधी मिटलंच न्हाई. तू निवृत्त झालास तरी बाजारातल्या चहाच्या हाटेलात बसून आपण तेच. आता तर वर माणसं सहा-सहा महिने राहून राह्यलीत. खाली उतरली की त्यांना खुर्चीत बसवून उचलून नेतात, ते टीव्हीवर बघून तू मला हाक मारून बोलवून घेतलंस. बघ म्हणालास, चांगले पैलवानासारखे गडी, आणि उभं राहता येईना.

मंग यंदा न्हाणीत तुझा पाय घसरला आणि खुबा मोडला.

जालन्याला ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण पोरगा, पण स्पष्ट बोलणारा. मला आणि वहिनींना समोर उभं करून म्हणाला, "उद्यापासून यांना उभं करा. दुखेल, ओरडतील, तरी उभं करा. पडून राह्यले तर छाती भरेल, पायात रक्ताच्या गाठी होतील." मी तुझ्याकडे बघितलं. तू हसून राह्यलास. म्हणालास, "रंगनाथ, आता मी वर गेलेला आणि तू माझा पीटीवाला." दवाखान्यात तू उभा राह्यलास. घामानं निथळत, दात खाऊन, पण राह्यलास. मला वाटलं, जिंकलो. ज्याला सगळं माहीत आहे, त्याला काय समजावायचं?

घरी आलास आणि लोक सुरू झाले.

आपल्याकडची रीत तुला काय सांगू. माणूस दवाखान्यातून घरी आला की त्याला भेटायला जायचं. न्हाई गेलं तर ते आयुष्यभर बोलण्यात निघतं. आणि तू तर पंचवीस-तीस वर्षांचा मास्तर. घनसावंगीपासून अंबडपर्यंत एक गाव न्हाई जिथं तुझा विद्यार्थी न्हाई. सकाळपासून ओसरीवर चपलांचा ढीग. बाजाराच्या दिवशी तर विचारूच नको, बाजारही होईल आणि सरांना भेटणंही होईल. जो तो केळी घेऊन, नारळ घेऊन, शिऱ्याचा डबा घेऊन आत शिरायचा आणि एकच म्हणायचा, "उठू नका सर, बिलकुल उठू नका. पडून ऱ्हा." मंग बाजेच्या कडेला बसून आपल्या चुलत्याचा खुबा कसा मोडला होता ते सांगायचा.

वहिनी चुलीपुढून हलल्या न्हाईत. चहा, चहा आणि चहा. तुला धरून उभं करायला घरात एक हात मोकळा नव्हता. मी म्हटलं, वहिनी, चार दिवस लोकांना न्हाई म्हणा. त्या म्हणाल्या, "भाऊजी, कसं म्हणू? एवढ्या मायेनं येतात. तुम्हीच सांगा, दारातून परत लावू का?"

म्हणून मीच रोज शाळा सुटली की यायचो. त्या एका दिवशी तुला उठवलं, वॉकर हातात दिला, आणि तू ओसरी उतरून अंगणातल्या लिंबापर्यंत चालत गेलास. झाडाला हात लावलास. पोरासारखा खूश झालास. म्हणालास, "उद्या फाटकापर्यंत." तेवढ्यात फाटकातच वडीगोद्रीचे दाजी, तुझ्या थोरल्या बहिणीचे मालक. दोन एसट्या बदलून, हातात फळांची पिशवी. त्यांनी तुला बघितलं आणि बोंबच ठोकली, "अरे अरे अरे! काय चालवलंय हे? परवा ऑपरेशन झालंय माणसाचं! मारता का त्याला?" पिशवी माझ्या अंगावर टाकली, तुझ्या बखोटीला धरलं, आणि तुला नेऊन बाजेवर आडवं केलं. चादर पार गळ्यापर्यंत ओढली.

आणि तू कण्हलास. दिगंबर, खरं सांग, तू मुद्दाम कण्हलास ना? मी तुला वीस वर्षं ओळखतो. झाडाला हात लावताना कण्हला न्हाईस आणि दाजींसमोर आई गं, आई गं.

ते गेल्यावर मी विचारलं, हे काय नाटक? तू काय म्हणालास ते मी शब्द न् शब्द ध्यानात ठेवलंय.

"एवढ्या लांबून आले रे ते. मी अंगणात फिरताना दिसलो तर त्यांना वाटंल, उगीच आलो. बघायला आलेल्या माणसाला बघायला काहीतरी पाहिजे ना."

"म्हणून तू पडून राहणार?"

"ते गेले की उठतो ना."

"ते गेले की दुसरे येतात, लेका!"

"एवढ्यानं कोण मरतं," म्हणालास आणि दाजींनी आणलेली मोसंबी सोलायला घेतलीस. एक फोड मला दिलीस. ती मी खाल्ली, रागात असूनही खाल्ली, गोड होती.

पुढं तेच रोजचं झालं. चपला वाजल्या की तू आडवा. मला दिसायचं, फाटक करकरलं की तू वॉकरवरचा हात काढायचास आणि डोकं उशीवर टाकायचास. त्यांची माया फुकट जाऊ नये म्हणून तू आजारी असल्यासारखा पडायचास आणि पडून पडून खरोखरचा आजारी झालास. असं कुणी करतं का? शरीराला कळतं का, हा पाहुण्यांच्या मानाखातर पडलाय, म्हणून पाडणाऱ्या पार्टीनं आज काम बंद ठेवावं?

मी उंबऱ्यावर बसायला लागलो. सर झोपलेत, आठ दिवसांनी या. लोक माझ्यावर खवळले. "तुम्ही कोण आम्हाला अडवणारे? सर काय तुमचे एकट्याचे आहेत का?" बरोबर आहे, मी कोण? ना सोयरा ना भाऊबंद. एक जण तर तुझा जुना हुशार विद्यार्थी, आता स्वतः मास्तर झालाय. त्याला मी उंबऱ्यावरच धरलं. म्हटलं, "सरांनी हाडाचं काय शिकवलं होतं, सांग."

त्यानं घडाघडा म्हणून दाखवलं. बांधणारी पार्टी, पाडणारी पार्टी, वजनाचा हुकूम, सगळं. एक शब्द चुकला न्हाई.

"मंग आता आत जाऊन काय म्हणणार आहेस?"

"आराम करा म्हणणार, सर."

"अरे, आत्ता काय म्हणून दाखवलंस?"

त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. मंग म्हणाला, "ते अंतराळातलं होतं ना, सर."

दिगंबर, काय शिकवलंस रे तू? का आपल्या सगळ्यांचंच असं आहे, शिकलेलं वर आभाळात ठेवायचं आणि खाली आलं की दाजी म्हणतील तसं वागायचं? त्या पोराला तरी मी कशाला बोलू? ज्यानं शिकवलं तोच आत चादर ओढून पडला होता.

तुझ्या पिंढऱ्या बघता बघता वाळल्या. तेल लावताना माझ्या एका मुठीत मावायला लागल्या. मंग खोकला, मंग ताप. उभं करायला गेलो तर आता खरंच पाय थरथरायला लागले आणि तू खरंच कण्हायला लागलास. ज्या दिवशी श्वास लागला त्या दिवशी जीप करून आपण जालन्याला निघालो. मागं तुझं डोकं माझ्या मांडीवर. रस्ता असा की जीप प्रत्येक खड्ड्यात आपटायची. तू मला खूण केलीस, जवळ ये म्हणून. मी कान नेला. मला वाटलं, घरचं काही सांगशील, वहिनींचं सांगशील.

"तरी… किरणंच वाईट," तू म्हणालास.

"गप बस."

"वजनावर… इलाज आहे."

आणि हसलास! तुझ्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला. देवाशपथ सांगतो, वाटलं. तुझं डोकं मात्र मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, हादरे बसू नयेत म्हणून. माझ्याशी तू बोललेलं ते शेवटचं. डॉक्टरनं छाती तपासली आणि एकच विचारलं, "उभं केलं नव्हतं का यांना?" वहिनींनी पदर तोंडात धरला. दुसऱ्या दिवशी तू गेलास.

भांडणाचा निकाल लावून तरी जायचंस. तुझं खरं म्हणावं तर तू माझ्या बाजूच्या दुखण्यानं, वजन जाण्यानं, गेलास. माझं खरं म्हणावं तर त्याच्यावर इलाज होता, हे तू शेवटपर्यंत सांगून राह्यला होतास. मी आता कुणाशी बोलू हे? हाटेलात तुझ्या जागेवर परवा कोणी दुसराच बसला होता, त्याला म्हटलं, बाबा, तिकडं सरक.

एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली न्हाई. परीक्षा जवळ आली की सगळे मास्तर माझा तास मागायचे. पीटीच तर आहे, गणिताचा पोर्शन राह्यलाय, द्या तुमचा तास. गणितवाला, इंग्रजीवाला, सगळे. हेडमास्तरसुद्धा. शाळेत होतास तोवर तू एकट्यानं माझा तास कधी मागितला न्हाई. उलट तुझा तास संपायच्या आधीच पोरांना मैदानावर घेऊन यायचास आणि म्हणायचास, "मी सांगितलं, आता तू करून घे." त्या शाळेत मला मास्तर समजणारा तू एकटा होतास, दिगंबर. हे सांगायला मला तुझ्या मरणापर्यंत थांबायचं काय कारण होतं, मलाच कळत न्हाई. बहुतेक भांडणातून सवड मिळाली न्हाई.

काल शाळेच्या मैदानावर तुझी शोकसभा झाली. मैदान भरलं होतं. एवढी माणसं तर पंधरा ऑगस्टला येत न्हाईत. सगळे तेच, ओसरीवर चपला काढणारे. भाषणं झाली. तो उंबऱ्यावरचा पोरगा डालड्याच्या डब्याबद्दल बोलला आणि बोलता बोलता रडला. दाजी उठले. म्हणाले, "एक समाधान आहे. आम्ही त्यांना पाय खाली टाकू दिला न्हाई. सेवेत काही कमी पडू दिलं न्हाई." लोकांनी माना हलवल्या. वहिनी पुढं बसल्या होत्या. त्यांनी मागं वळून फक्त माझ्याकडे बघितलं.

शेवटी हेडमास्तर माईकवर म्हणाले की आता आपण सगळे दोन मिनिटं उभं राहून सरांना श्रद्धांजली वाहू. मैदानावरचा हुकूम म्हणजे माझं काम. मी पुढं आलो आणि शिट्टी मारली.

सगळे उभे राह्यले. घनसावंगीचे, अंबडचे, वडीगोद्रीचे, केळीवाले, शिऱ्यावाले, म्हातारे काठ्या टेकत, बाया लेकरं कडेवर घेऊन. तुला पडून राहा म्हणणारं एकूण एक माणूस तुझ्यासाठी उभं राह्यलं. मान खाली, हात जोडलेले. एवढ्या लोकांतला एक जरी तेव्हा तुझ्या बाजेजवळ येऊन म्हणाला असता, "सर, उठा, मी धरतो," तर काल ते मैदान रिकामं असतं आणि तू अन् मी हाटेलात बसून भांडत असतो.

दोन मिनिटं झाली. खाली बसवायची शिट्टी माझ्या ओठात होती. मी वाजवली न्हाई. हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं. मंग खोकले सुरू झाले. लोक या पायावरून त्या पायावर व्हायला लागले. ऊन चढलं होतं. वहिनी ताठ उभ्या होत्या. पहिल्या रांगेतून दाजी हळूच म्हणाले, "सर, झाली की दोन मिनिटं. गुडघे दुखून राह्यलेत."

मी शिट्टी तोंडातून काढली.

"दुखू द्या," म्हटलं. "उभे ऱ्हा."